बोरखडीची संध्याकाळ

विमलबाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो विजेचं मीटर बसवायला. साल १९६०, दिवाळी नुकतीच झाली होती. दारव्ह्याच्या त्या गल्लीत खांब उभे राहून पंधरा दिवसही झाले नव्हते. लोक दिवा लावायच्या आधी बटणाला नमस्कार करत. मी किसनसिंग, आर्णीजवळच्या तांड्यातला. माझ्या आज्यानं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहिलं, मी खांद्यावर तारांचं भेंडोळं घेऊन हिंडायचो. बायको रुपी तांड्यातच होती. दारव्ह्यात मी खोली घेऊन एकटा राहायचो.

बाई मुलींच्या शाळेत शिकवत. वय चाळिशीच्या आसपास, बोलणं हळू, कपाळावर ठसठशीत कुंकू. घरात दुसरं माणूस दिसलं नाही.

"दिवे किती काढायचे, बाई?"

"ओसरीत एक, सैपाकघरात एक." मग त्यांनी मागच्या खोलीचं कुलूप काढलं. "अन् इथं नऊ."

खोलीत सागवानी फळ्यांचं एक टेबल होतं. दहा फूट लांब, पाच फूट रुंद. कडेनं जेमतेम एक माणूस फिरेल एवढीच जागा. तुपाच्या डब्यांचे पत्रे कापून केलेले रूळ त्यावर लांबट गोल फिरवलेले होते. रुळांवर चावीचं इंजिन, तीन डबे आणि शेवटी गार्डाचा डबा. बाकी सगळ्या फळ्या उघड्या. त्यांच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: इथं टेकडी, इथं फलाट, इथं लिंब.

"ह्यांनी केलतं," बाई म्हणाल्या. "पुरं नाही झालं. मले पुरं करायचं आहे. पौषातल्या अमावास्येच्या आत."

अमावास्याच का, ते मला त्यांच्या दिराकडून कळलं. बापूजी चार कोसांवरच्या गावाहून दर आठवड्याला बैलगाडीनं यायचे. वहिनीला ज्वारी, तुरीची डाळ, वांगी पोचवून ओसरीच्या पायरीवर तंबाखू मळत बसायचे.

"दादा गार्ड होते, ह्याच आपल्या छोट्या गाडीवर," ते एके दिवशी आपणहून बोलले. "यवतमाळहून संध्याकाळची पॅसेंजर घेऊन येत होते. बोरखडी हॉल्टले गाडी थांबली. दादा कंदील घेऊन खाली उतरले. मंग हिरवा दिवा दिसला म्हणून ड्रायव्हरनं गाडी काढली. दारव्ह्याले येऊन पाह्यलं, त गार्डाचा डबा रिकामा."

"हिरवा दिवा दाखवला कोणी मग?"

"तेच त कोनाले मालूम नाही."

पोलिसांनी आठ दिवस रान पालथं घातलं होतं. बापूजींनी स्वतः दोन विहिरी उपसल्या होत्या. कंदीलसुद्धा हाती लागला नव्हता.

"आता बारा वर्सं भरतेत. इतके दिवस माणूस आला नाही त त्याचं क्रियाकर्म करा लागते. पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा करतेत अन् त्याले अग्नी देतेत. मले काय हौस आहे? पण आई जातानी सांगून गेली, दादाले असं लटकत नको ठेवू. वहिनी आत्ता कुठं हो म्हणाल्या. म्हणे, पहिले ते टेबल पुरं करू द्या." त्यांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "वायरमन, तुमी घाई नका करू."

मी ड्यूटी संपली की जायचो, आणि रविवारी दिवसभर. मला त्या कामाची गोडी लागली हे खरं. टेबलावर उभं करायचं होतं ते बोरखडी, आणि तो हॉल्ट पंचावन्न साली बंद झाला होता. पाटी काढली, शेडचे पत्रे कोणी नेले, गाडी तिथं थांबेनाशी झाली. आता ते स्टेशन फक्त बाईंच्या डोक्यात होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी नवरा त्यांना रविवारी गार्डाच्या डब्यात बसवून न्यायचा. नियमात नव्हतं, तरी न्यायचा. त्या वर्षभरात बाईंनी जे पाहिलं होतं त्यातलं एक काडीभरही त्या विसरल्या नव्हत्या.

बापूजींच्या शेतातली काळी माती त्यांच्या जुन्या लुगड्यातून चाळून आम्ही फळ्यांवर पसरली. कागदाचा लगदा मेथीबरोबर वाटून टेकडी केली. खराट्याच्या काड्यांना कापसाचे कण चिकटवून कपाशीचं वावर उभं केलं. लिंबासाठी मी तुराटीची फांदी घेतली आणि हिरव्या रंगात उकळलेला लाकडाचा भुसा तिला लावला.

"इतका गोल नव्हता," बाई म्हणाल्या. "रुळाकडच्या अंगानं झडलेला होता. इंजिनाच्या वाफेनं."

तारांना डाग द्यायच्या तापलेल्या कैयेनं मी त्या अंगाचा भुसा जाळला. बाईंनी वाकून पाहिलं. मग नुसत्या "हं" म्हणाल्या.

फलाट म्हणजे मुरुमाचा एक उंचवटा. त्यावर पत्र्याची शेड, एक बाक, पाण्याचा रांजण, दिव्याचा खांब. शाडूच्या मातीची माणसं बाईंनी स्वतः केली, बोटाच्या पेरापेक्षा लहान. डोक्यावर टोपली घेतलेल्या दोघी, बाकावरचा म्हातारा, बकरीवाला, पोर कडेवर घेतलेली बाई आणि रांजणाशी वाकलेला रेल्वेचा खलाशी. बकरी आणि कडेवरचं पोर सोडून सहा माणसं.

"गार्डसाहेबांचा एक करायचा का?" मी विचारलं.

"नाही." ब्रश खाली ठेवून त्यांनी हात पुसले. "पुतळा भाऊजी करणार आहेत. मी नाही करत."

दिव्यांचं काम सगळ्यात अवघड गेलं. सायकलच्या दिव्याचे आठ बल्ब आणून त्यांना मी चपड्याच्या लाखेचा पिवळा हात दिला, म्हणजे ते रॉकेलच्या दिव्यासारखे दिसावेत. एक शेडमध्ये, एक खांबावर, एक सिग्नलला, बाकीचे टेकडीपलीकडच्या गावात. त्यांना दारावरच्या घंटीचा छोटा ट्रान्सफॉर्मर पुरला. पण बाईंना हवी होती पौषातली संध्याकाळ, सहा वाजून दहा मिनिटांची. त्यासाठी टेबलाच्या पश्चिमेला मी एक मोठा बल्ब खाली टांगला, त्याला पतंगाचा नारिंगी कागद गुंडाळला, आणि नाटकवाले करतात तशी मिठाच्या पाण्याची बरणी मध्ये जोडली. पाण्यातला पत्रा वर ओढला की दिवा मंद होई, खाली सोडला की भडके.

डिसेंबरच्या मध्यात एका दुपारी चार वाजता आम्ही खोलीची दारं-खिडक्या लावून घेतल्या. मी बटण दाबलं आणि पत्रा हळूहळू वर घेतला. टेबलावर दिवस कलला. लिंबाची सावली वावरावर लांबली. रूळ तांबूस झाले, टेकडीमागचं गाव लुकलुकायला लागलं.

"अजून थोडं," बाई म्हणाल्या.

मी बोटभर ओढला.

"बस."

बाहेर गल्लीत लख्ख ऊन होतं, कोणीतरी कल्हई लावून घ्यायला हाका मारत होतं. आत संध्याकाळ होती. बाईंनी इंजिनाला चावी दिली. गाडी टेकडीआड गेली, पलीकडून आली, फलाटावरून न थांबता गेली. चावी उतरेपर्यंत ती फिरत होती. मला उगाच रुपीची आठवण आली. ती तांड्याच्या तोंडाशी उभी असल्यासारखी वाटली.

त्यानंतर बाई रोज शाळेतून आल्या की दारं लावून तासभर तिथं बसायच्या. अमावास्येला आठ दिवस उरले असताना मी सिग्नलची एक सैल तार बसवायला गेलो. मोठा दिवा चालू होता. काम करता करता माझं लक्ष फलाटाकडे गेलं. दिवा एकच, त्यामुळे प्रत्येक माणसाची सावली एकच, आणि सगळ्या पूर्वेकडे पडलेल्या. मी सहज मोजल्या.

सात होत्या.

सातवी फलाटाच्या पार टोकाला होती. सिग्नलच्या खांबाची असेल म्हणून मी खांब उपसून हातात घेतला. खांबाची सावली गेली. ती सावली राहिली. दिव्याच्या काचेवर डाग असेल म्हणून बल्ब बदलला, कागद बदलला. मग एकेक करून सहाही माणसं, बकरी, बाक, रांजण, सगळं उचलून खिडकीत ठेवलं. मोकळ्या मुरुमावर एकच सावली उरली. उभा माणूस. उजवा हात अंगापासून थोडा दूर धरलेला, हातात काहीतरी जड असल्यावर धरतो तसा.

मी मुरुमावरून बोट फिरवलं. सावली माझ्या बोटावर चढली आणि उतरली. जागा कोरडी होती, आणि थंड.

मी सगळं जागच्या जागी ठेवलं आणि बाईंना काही सांगितलं नाही. वीज हा माझा धंदा होता. वायरमन कामाच्या जागी घाबरला तर त्यानं काम सोडावं, असं आमचे सुपरवायझर म्हणायचे. तांड्यात असतो तर याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, हाताला धरून तिथून बाहेर काढलं असतं. पण मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. सावली रांजणाजवळ आली होती. तिसऱ्या दिवशी शेडच्या पुढे, रुळांच्या अगदी कडेला होती.

"बाई," मी शेवटी बोललो, "तुमाले एक दाखवायचं होतं."

"मी मोजून राह्यले, किसनसिंग," त्या म्हणाल्या. नजर टेबलावरच होती. "बारा दिवस झाले."

"मग हे काय आहे?"

"डाव्या पायावर जोर देऊन उभे राह्यतेत ते. लहानपणी बैलानं पाय दिलता उजव्यावर." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. आवाज मात्र तसाच हळू. "गाडी थांबतच नाही तिथं. ते उभे आहेत, अन् गाडी थांबत नाही. तुम्ही थांबवाल का तिले?"

"बाई, ही चावीची गाडी आहे. खेळणं आहे."

"मले मालूम आहे कायची आहे ते. थांबवाल का?"

मी विचार केला तो बापूजींचा. अमावास्येला पाच दिवस होते. पळसाची पानं तोडायला गडी लावले आहेत, असं ते कालच सांगून गेले होते. सांगताना ते माझ्याकडे न पाहता बैलाच्या शिंगाकडे पाहत होते.

मी रुळाखाली एक खिट्टी बसवली. बाहेरून दोरी ओढली की ती वर येई आणि इंजिनाची खालची पट्टी तिला अडे. चाकं थांबत, पण चावी उतरत नसे. दोरी सोडली की गाडी पुन्हा चालू. चार दिवस खटपट करून ते जमलं. कधी इंजिन रूळ सोडायचं, कधी खिट्टीवरून उडी मारून जायचं. त्या चारही दिवसांत सावली रुळांच्या कडेवरून हलली नाही.

अमावास्येच्या आदल्या दिवशी बाई शाळेत गेल्या नाहीत. मी साडेपाचला पोचलो तेव्हा त्यांनी हिरवं इरकल नेसलेलं होतं. दारं लावली. मी पत्रा वर घेतला. या वेळी "बस" म्हणायची गरज पडली नाही.

बाईंनी चावी दिली.

गाडी टेकडीआड गेली. पलीकडून आली. मी दोरी ओढली.

गाडी थांबली. गार्डाचा डबा सावलीच्या बरोबर समोर होता.

मी दोरी ताणून धरली. इंजिनाच्या आत चावीची बारीक कुरकुर ऐकू येत होती.

एक मिनिट झालं असेल.

मग गार्डाचा डबा एका अंगाला किंचित कलला. गव्हाच्या दाण्याएवढा कलला. पायरीवर कोणी पाय ठेवल्यावर खरा डबा कलतो तसा. आणि पुन्हा सरळ झाला.

"सोडा," बाई म्हणाल्या.

मी दोरी सोडली. गाडी निघाली आणि टेकडीआड गेली. फलाटावर सहा सावल्या होत्या.

बाईंनी स्वतःच्या हातानं मोठा दिवा बंद केला, दार उघडलं, आणि कोपऱ्यातल्या आरशात पाहून कुंकू नीट केलं. "संध्याकाळची पॅसेंजर पावणेसातला येते ना?"

"हो, पण बाई..."

"चाला मग."

आम्ही स्टेशनावर अर्धा तास आधी पोचलो. थंडी पडली होती. फलाटावर कापसाच्या गाठी रचून ठेवल्या होत्या, त्यांच्या आडोशाला बाई उभ्या राहिल्या. मी जरा बाजूला थांबलो. गाडी वीस मिनिटं उशिरा आली. लोक उतरले, बोचकी उतरली, पोरं रडली. एक एक करून सगळे फाटकातून बाहेर पडले.

गार्ड पोरसवदा होता, त्या लायनीवर नवा. तो स्टेशनमास्तरांना सांगत होता ते मला ऐकू आलं.

"बोरखडी होती ना जी पहिले, त्या जागी लाल दिवा दिसला. कोणीतरी हलवून राह्यलं होतं. ड्रायव्हरनं गाडी उभी केली. मी उतरून पाह्यलं त चिटपाखरू नाही. मंग गाडी निघालीच एकदम. मी पळत येऊन चढलो."

"तुम्ही हिरवा दाखवल्याबिगर निघाली?"

"ड्रायव्हर म्हणते, हिरवा दिसला."

मास्तरांचे केस पिकलेले होते. ते त्या लायनीवर जुने असावेत. त्यांनी वळून बाईंकडे पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली.

बाई गार्डाच्या डब्याच्या दारासमोर उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला. मग एका बाजूला सरकल्या, वाट दिली, आणि चालायला लागल्या.

मी बाईंची चाल ओळखत होतो. शाळेची घंटा गाठणारी, झपाझप चाल. आज त्या हळू चालत होत्या. दर दुसऱ्या पावलाला किंचित थांबत होत्या, पुढचा माणूस लंगडत असला की मागच्याला थांबावं लागतं तसं. पुढं कोणी नव्हतं. फाटकातून त्या बाहेर पडल्या, बाजाराच्या रस्त्याला लागल्या. तिथले खांबांवरचे दिवे मीच जोडले होते. मी त्यांच्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, पण जमिनीकडे बघितलं नाही.

दाराशी त्या थांबल्या. कुलूप काढून आधी स्वतः आत गेल्या नाहीत.

सकाळी सात वाजता मी माझ्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर काढून घ्यायचं निमित्त करून गेलो. रात्री झोप लागली नव्हती. रुपीला घेऊन यायचं, पुढच्याच बाजाराला घेऊन यायचं, एवढंच मनात घोळत होतं. गल्लीत बापूजींची बैलगाडी उभी होती. मागे पळसाच्या पानांचा भारा, दर्भ, एक नवं मडकं. बापूजी पांढऱ्या धोतरात, डोक्यावर परीटघडीची कडक टोपी, आंगणाच्या फाटकाशी घुटमळत होते.

"गुरुजी नदीवर येऊन बसले असतीन," ते मला म्हणाले. "वहिनीले हाक मारायले जीभ उचलून नाही राह्यली."

तेवढ्यात दार आतून उघडलं. बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. केस ओले, कुंकू ताजं. आतून चुलीच्या धुराचा आणि गुळाच्या चहाचा वास आला.

"या भाऊजी," त्या म्हणाल्या. "बाहेर काहून उभे?"

बापूजींनी पानांचा भारा उचलून हातात घेतला होता. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि बाईंच्या खांद्यावरून आत पाहिलं. मी त्यांच्या मागे चार हातांवर होतो. मला ओसरी दिसत होती, ओसरीतला मीच लावलेला दिवा, भिंत, आणि रिकामा पाट.

भारा त्यांच्या हातातून सुटला. पानं पायरीवर पसरली.

बाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि दारातून एका अंगाला झाल्या.

बापूजींनी चपला काढल्या. पायरी चढून ते उंबऱ्याशी गेले आणि थोरल्या भावाच्या पाया पडावं तसे खाली वाकले. दारात कोणी नव्हतं. ते वाकलेलेच राहिले. मग त्यांच्या टोपीची कडक घडी मधोमध हळूच दबली, आणि बराच वेळ दबलेलीच राहिली.